गुडघाभर काँक्रीट

"बंद करा! पंप बंद करा आधी!"

ती फळीवरूनच ओरडली. पंपवाल्याने बटण दाबलं, नळी धापा टाकत थांबली. पण कोपरा तोवर फुगलाच होता. फोमच्या पोकळ ठोकळ्यांची, आत काँक्रीट ओतून भरायची पायाची भिंत, आत उभ्या सळया, बाहेरून टेकू; आणि कोपऱ्याला भरपेट जेवलेल्या माणसासारखं पोट सुटलेलं.

"एवढं किंचाळायला काय झालं?" दादा म्हणाला. नळीचं तोंड त्याच्याच हातात होतं.

"एका जागी गुडघाभरच ओतायचं ठरलं होतं ना? सगळ्या पायाला एक फेरी, मग दुसरा थर. तू कोपरा गळ्यापर्यंत भरलास."

"कोपरा आधी उचलायचा असतो. अर्धी गल्ली बांधलीय मी."

"विटांची. वीट गप बसते, दादा. हे ओलं आहे, बाहेर ढकलतं."

"थर्माकोलच्या खोक्यात राहायला निघालीय आणि मला शिकवतेय! दोन दिवस ठोकळेवाल्याच्या वर्गात बसली की झाली गवंडीण!"

पंपवाल्याने हसू लपवायला तोंड फिरवलं.

ती लाँड्रीत इस्त्री करायची. लग्नानंतरची सगळी वर्षं तळघरातल्या भाड्याच्या खोल्यांत गेली होती. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलं, तरी चादरींना बुरशीचा वास यायचाच. म्हणून स्वतःच्या घराला हा कोरडा, उबदार पाया. नवरा गेला तेव्हा तिला सावरलं ते दादानेच. त्याच्यापुढे तिने कधी आवाज चढवला नव्हता.

"बाहेरून फळी ठोकू, वर प्लास्टर मारू. कुणाला कळतंय? सुरू कर रे."

"सुरू करायचं नाही." ती खाली उतरली. "ओलं आहे तोवर कोपरा रिकामा करायचा."

"मी भरलेलं मीच उपसू? चार माणसांत?"

"मी उपसते."

दादाने नळी खाली ठेवली. "बघ हं. आज गेलो तर या घराची पायरी चढणार नाही."

तो बोलल्याप्रमाणे वागेल, हे तिला ठाऊक होतं. काकांशी धरलेला अबोला त्याने काका जाईपर्यंत सोडला नव्हता.

"पायरी व्हायचीय अजून," ती म्हणाली. "आधी पाया सरळ होऊ दे."

त्याने बादलीत हात धुतले आणि मागे न बघता तो निघून गेला.

तिने खालच्या ठोकळ्याला करवतीने खिडकी पाडली. काँक्रीट भसाभस पायांवर आलं. भिंतीचं सुटलेलं पोट आत दाबून तिने कापलेला तुकडा जागेवर बसवला, त्यावर फळी ठोकली, दोन टेकू जास्तीचे दिले.

"बाई, गाडीतला माल घट्ट व्हायला लागेल," पंपवाला म्हणाला. "थोडं पाणी मारू? पातळ होईल, भराभर जाईल."

"थेंबभरही नाही. पातळ झालं की आणखी ढकलेल. नळी धरा, मी पुढे सरकते तसे सरका."

गुडघाभर ओतायचं, अडकलेली हवा काढायला व्हायब्रेटर आत सोडून हळू वर काढायचा, भिंत सरळ आहे ना हे ताणलेल्या दोरीवर बघायचं, पुढे सरकायचं. कोपऱ्यापाशी प्रत्येक फेरीला ती टेकूंना हात लावून बघायची. कोपरा हलला नाही. शेवटचा थर बसला तेव्हा दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंतीला समांतर होती.

पंपवाला नळी धुऊ लागला. "भाऊ तापट आहेत तुमचे. पण येतील हो."

"नाही यायचा," ती म्हणाली.

ती भिंतीच्या माथ्यावर ओल्या काँक्रीटमध्ये वरचं घर पायाला जखडणारे बोल्ट रोवत होती. कोपऱ्यातला किंचित कलला. तिने तो उपटला, पुन्हा सरळ दाबला आणि काँक्रीट त्याला धरेपर्यंत हाताने धरून बसून राहिली.