डिस्कांची खंडेपूजा

खटकचिंचोळीत व्यंकटला लोक दोन गोष्टींवरून ओळखत. एक, त्याच्या खोलीत बाराही महिने एसी चालतो. दुसरी, त्याच्याकडे ठेवलेलं काही हरवत नाही. पहिली गोष्ट खरी होती. दुसरी त्याने स्वतःच सांगून सांगून गावभर केली होती.

हैदराबादेतली सर्व्हर-खोलीतली नोकरी सोडून तो परतला, तेव्हा टेम्पोत फाइली साठवणाऱ्या छत्तीस डिस्कांचं एक जुनं मशीन घेऊनच आला. आसपासच्या तालुक्यांतले लग्नाची शूटिंग करणारे कॅमेऱ्याची कार्डं भरली की त्याच्याकडे आणून रिकामी करत. दोन-अडीचशे टेराबाईट हळदी, वराती आणि रुसलेले मामा त्या खोलीत गुण्यागोविंदाने नांदत होते. "दोन डिस्का मेल्या तरी बाकीच्या सगळं सांगतेत," हे त्याचं गिऱ्हाइकाला ठरलेलं वाक्य. त्याच तोऱ्यात त्याने रेणुकाला, म्हणजे बायकोला, त्यांच्या लग्नाची सीडी फेकून द्यायला लावली होती. एवढं मोठं मशीन घरात असताना दुसरी प्रत ठेवणं त्याला मशीनचा अपमान वाटायचा.

रेणुकाचे वडील रामकिशन, चिंताकी गावचे, गेल्या वर्षी दसरा झाल्यावर वारले. फोटो काढायचा म्हटलं की गोठ्यात जाऊन बसणारा माणूस. चालते-बोलते असे ते फक्त मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत होते. तिथेही बोलताना दिसायचे एवढंच. व्हिडिओ व्यंकटने स्वतः कापून जोडला होता आणि सासऱ्यांनी माईक हातात घेतल्यापासून पाठवणीपर्यंत सिनेमातलं एक दणदणीत गाणं अंथरलं होतं. "अप्पा काय म्हणायलेत वो इथं?" असं रेणुकाने एकदा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आवाज बराबर आला नव्हता." आवाज चांगला आला होता. व्यंकटला गाणं जास्त आवडलं होतं.

येत्या रविवारी अप्पांचं वर्षश्राद्ध होतं. जेवणं झाल्यावर रेणुकाचे तिन्ही भाऊ आणि भावजया तो व्हिडिओ बघणार होत्या. अप्पांना बघायचा दुसरा मार्गच नव्हता.

खंडेनवमीला गावात ट्रॅक्टर धुतले गेले, शिवणयंत्रांना हार पडले. रेणुका ताट घेऊन खोलीच्या दाराशी आली. "मशीनची बी पूजा करू. तेच्यावरच खायलोय आपण."

साधा माणूस मशीनवर एक फूल ठेवून मोकळा झाला असता. पण साधं काही करेल तर तो व्यंकट कसला. त्याने मशीन बंद केलं, छत्तीसही डिस्का एकेक ओढून काढल्या आणि सतरंजीवर क्रमाने मांडल्या. रेणुकाने पहिल्या टोकापासून एकेकीला ओलं कुंकू लावलं. नारळ फुटला, आरती झाली. मग प्रसादाला माणसं बसवायला सतरंजी लागली, म्हणून डिस्का टोपल्यात गेल्या, आणि टोपल्यातून हाताला लागतील तशा मशीनमध्ये परतल्या. हैदराबादेतली नवी मशीनं कोणती डिस्क कुठे बसली ते पाहत नसत. आपलं मशीन नवं नाही, ते एकेका फाइलीचे तुकडे छत्तीस डिस्कांवर जागेच्या क्रमाने वाटून ठेवतं, हे व्यंकट नेमकं त्या दिवशी विसरला.

मशीन चालू झालं आणि त्याने विचारलं, ह्या डिस्का परक्या दिसतात, जुनी खूण पुसू का? व्यंकटने 'हो' दाबलं. आहेत त्या क्रमाने नवी जुळणी करू? हो. फाइलींची मांडणी बिघडली आहे, दुरुस्त करू? हो. मग मशीन एकेका फाइलीवर बोट ठेवत गेलं, ही मोडकी आहे, पुसू का? सासुरवाडीच्या पंगतीत वाढणारीला नाही म्हणवत नाही, तसा तो हो म्हणत गेला. आधी नुकसान बघायचं, दुरुस्तीला हात मागाहून घालायचा, हे तो हैदराबादेत नव्या पोरांना टेबल आपटून शिकवत असे. स्वतः त्या वर्गात कधी बसला नव्हता.

'रेणुका-लग्न-फायनल' हे नाव पडद्यावरून गेलं. त्याने ते वाचलं तेव्हा 'हो' दाबून झालं होतं.

त्याने मशीन बंद केलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्याच्यासाठीच कोणीतरी करून ठेवली असावी, कारण तो बाहेर येऊन रेणुकाला म्हणाला, "कुंकवामुळं झालं. भुकटी आत गेली."

"काय झालं?"

"मशीन उठंना."

"अप्पा गेले का तेच्यात?"

त्याने खोलीचं दार ओढून घेतलं. ती ताट उचलून स्वयंपाकघरात गेली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वरच्या घरापासून एकेक डिस्क पुन्हा काढून सतरंजीवर ओळीने ठेवली, कापूस आणि स्पिरिट घेतलं आणि कुंकू पुसायला लागला. तीन पुसून झाल्या तेव्हा रेणुका चहा घेऊन आली.

"पुसू नका. पूजा उठवली न्हाई अजून." मग ती खाली वाकली. "ह्या अशा उलट्यापालट्या कामून घातल्या होत्या वो?"

"उलट्यापालट्या कशावरून?"

"कुंकवावरून. पहिलीला घट्ट लागलं होतं. वाटीतलं सरत आलं तसं मी पाणी घालत गेले. शेवटी नुसतं गुलाबी पाणी राहिलं. ही गुलाबी वरच्या घरात कशी गेली?"

व्यंकटने डिस्कांकडे पाहिलं. लालभडक, लाल, फिकी लाल, गुलाबी. अख्खा क्रम त्याच्या मांडीपुढे पडला होता आणि तो बोळ्याने पुसत होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा असतो म्हणतात. ह्याने तर बैलाचं दावंही कापत आणलं होतं.

दोघं सतरंजीवर बसली. ती रंग बघून क्रमाने डिस्क द्यायची, तो मशीनमध्ये घालायचा. पुसलेल्या तीन डिस्का उरलेल्या जागांवर आलटून पालटून बघाव्या लागल्या. शेजारशेजारचे काही रंग सारखेच होते, तिथेही तेच. प्रत्येक वेळी तो मशीनला फक्त वाचू देत होता, एक अक्षर लिहू देत नव्हता. अक्कल आली होती, पण वरात निघून गेल्यावर. शनिवारी दुपारी फोल्डर ओळीने उभे राहिले. गिऱ्हाइकांची जवळजवळ सगळी लग्नं परत आली. 'रेणुका-लग्न-फायनल' आलं नाही.

"गेलं ते," व्यंकट म्हणाला. "मीच पुसलं. कुंकवानं न्हाई."

"व्हय, मला माहीत हाय," रेणुका म्हणाली.

दुरुस्तीत नाव हरवलेल्या फाइली मशीन एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतं. जत्रेतल्या हरवले-सापडलेच्या मंडपात नाव न सांगता येणारी लेकरं बसवतात, तसा तो फोल्डर. नुसते आकडे. रेणुकाने स्टूल ओढलं आणि एकेक उघडायला लागली. कोणाची तरी हळद. कोणाचा तरी घोडा. दिवेलागणीला एका फाइलीत तिच्या माहेरचा मांडव दिसला. ते चित्रण कॅमेऱ्यातून जसं उतरलं तसंच होतं. त्यावर ना कात्री चालली होती, ना गाणं चढलं होतं.

अप्पांनी माईक घेतला. तो उलटा धरला, कोणीतरी सुलटा करून दिला.

"मला काय भाषिन येत न्हाई," अप्पा म्हणाले. खरखरीत, थोडा घाबरलेला आवाज. "जावाई लई शिकलेले हायत. मशिनीतलं सगळं कळतंय म्हणतेत. मशिनीतलं अडलं, तर मला इचारू नका. माज्या रेणुकीला इचारा. लहानपणापास्नं तिला दिसतंय, आमाला दिसत न्हाई ते."

मांडवात हशा पिकला. त्यात नवरदेवाच्या वेषातला व्यंकटही हसत होता, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

रेणुकाने ते पुन्हा लावलं. पुन्हा. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग नवऱ्याकडे न बघताच ती म्हणाली, "आवाज बराबर आला नव्हता, न्हाई का?"

व्यंकट मोटरसायकल काढून भालकीला गेला आणि चार पेनड्राइव्ह घेऊन आला. अप्पांचं बोलणं त्याने चारहींवर उतरवलं. तीन तिच्या भावांसाठी. चौथा त्याने सवयीने स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवायला घेतला, तेव्हा रेणुकाने हात पुढे केला. तो तिने कुंकवाच्या करंड्यात ठेवला आणि करंडा कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली.