पेटी उघडीच होती

मित्रांनो, मी एक जुना पासवर्ड मॅनेजर आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत आणि तोंड तर मुळीच नाही. तोंड असतं तर ही रडकथा सांगायची वेळच आली नसती. येरमाळ्याच्या बसस्टँडसमोर खाजाभाईंचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये मी आठ वर्षांपासून राहतो. पंचक्रोशीतल्या सहाशे माणसांचे पासवर्ड माझ्या पेटीत आहेत.

माझ्याआधी हे काम एक लाल वही करायची. तिच्यावर चहा सांडला, चाळीस जणांचे पासवर्ड धुऊन गेले, तेव्हा खाजाभाईंनी मला आणलं. त्यांनी माझ्या पेटीला एक मोठा पासवर्ड लावला, आणि वेबसाइट ज्यात उघडतात त्या ब्राउझरशी माझं नातं जोडून दिलं. ब्राउझरच्या कोपऱ्यात माझी छोटी हिरवी किल्ली दिसायला लागली. गिऱ्हाइकाचं पान उघडून किल्ली दाबली की मी आतून पासवर्ड भरायचो. लोक म्हणायचे, खाजाभाई, तुमच्या डोक्यात लई राहतंय हो. ते नुसते हसायचे. सगळं श्रेय त्यांना जायचं आणि मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांपूर्वी खाजाभाईंची नजर कमी झाली आणि त्यांची लेक मिनाज खुर्चीवर बसली. पोरगी कामाला वाघीण. पण माझ्याबद्दल तिला कुणी धड सांगितलंच नाही. सकाळी मोठा पासवर्ड टाकला की किल्ली हिरवी होते, एवढंच ती शिकली. शटर वर करावं तसं ती मला उघडायची आणि खाली सारून द्यायची. पासवर्ड त्या किल्लीतच असतात, असा तिचा समज. गिऱ्हाइकांची तर आणखी तऱ्हा. आमच्याकडं पासवर्ड कुणी घरी नेत नाही. राहू द्या तुमच्यापाशीच, आमी कुठं सांभाळत बसू, असं म्हणून माणसं एसटीला पळतात.

त्या बुधवारी सकाळी ब्राउझरनं आपणहून स्वतःला नवं करून घेतलं. त्या भानगडीत आमचं नातं तुटलं. किल्ली लाल झाली.

नेमकी त्याच दिवशी हर्षाली आली, सोबत तिची आई उमाबाई. हर्षालीचा लातूरला नर्सिंगला नंबर लागला होता. जागा घेत असल्याचं पाचच्या आत वेबसाइटवर कळवायचं होतं, नाहीतर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. प्रवेशासाठी तिचं हे दुसरं वर्ष. यंदा नाही जमलं तर शिक्षण बास, असं भाऊ रणधीरनं बजावलं होतं. उमाबाई अंगणवाडीत मदतनीस आहेत, त्या रजा टाकून आल्या होत्या.

मिनाजनं किल्ली दाबली. काहीच भरलं नाही. मग तिनं नेहमीच्या धाटणीचे दोन पासवर्ड अंदाजानं टाकले. दोन्ही चुकले. आणखी एकदा चुकलात तर खातं चोवीस तास बंद होईल, असं पानावर आलं. 'पासवर्ड विसरलात' दाबावं, तर ओटीपीचा नंबर रणधीरच्या जुन्या मोबाइलवर जाणार, आणि ते सिम बंद पडून वर्ष झालेलं. तिनं कळंबच्या वसीमला फोन लावला. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्यानं सांगितल्याप्रमाणे तिनं किल्ली काढली, परत बसवली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, मोठा पासवर्ड टाकला. किल्ली लालच. चार वाजता वसीम म्हणाला की ते जुनाट सॉफ्टवेअरच काढून टाका, उद्या येऊन नवं टाकतो.

अहो, काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी तिथंच होतो, उघडा होतो. खालच्या पट्टीवर माझ्या चिन्हावर एक टिचकी मारली असती तरी सहाशे नावं समोर आली असती. मिनाजचा बाण 'काढून टाका' या शब्दांवर येऊन थांबला. माझी काय गत झाली ते माझं मला ठाऊक.

तेवढ्यात खाजाभाई आले. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पेटी उघडून बघितलीस का, बेटा?"

"कोणती पेटी, अब्बा?"

खाजाभाई मटकन स्टुलावर बसले. मी सांगितलंच नाही तुला, असं स्वतःशीच पुटपुटले. मग त्यांनी तिला माझ्या चिन्हावर टिचकी मारायला लावली. यादीत हर्षालीचं नाव दिसलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आता एकच संधी उरली होती, म्हणून हातानं टाइप करायला नको, किल्लीनंच भरू, असं ते म्हणाले. मिनाज माझ्या सेटिंग्ज मोठ्यानं वाचत गेली. ब्राउझरच्या नावापुढची खूण पुसली गेली होती. तिनं ती लावली, 'जोडा' दाबलं. किल्ली हिरवी झाली. चार पस्तीस झाले होते. उमाबाईंनी कॉम्प्युटरला हात जोडले, आणि मी ताठ झालो.

मी पासवर्ड भरला. तो चुकीचा निघाला.

मित्रांनो, जूनमध्ये वेबसाइटनं हर्षालीच्या खात्याचा पासवर्ड बदलायला लावला होता. मिनाजनं घाईत काहीतरी नवा टाकला. मी कोपऱ्यात चौकट काढून विचारलं होतं, नवा जपून ठेवू का? रांग मोठी होती. तिनं 'नको' दाबलं. पण माझी ती चौकट बोटभर, दहा सेकंदांत जाणारी. मीही जोर लावून विचारलं नाही. माझ्या पेटीत जुनाच राहिला, आणि मी तो छाती काढून पुढं केला. लाज वाटते मला.

खातं बंद झालं. मदतीचा फोन शेवटपर्यंत व्यस्तच लागला. मग पाच वाजले.

"म्हंजे गेली का जागा?" उमाबाईंनी विचारलं.

"व्हय, मावशी," मिनाज म्हणाली.

कुणी कुणाला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं.

शेवटच्या फेरीसाठी नव्यानं नाव नोंदवायची सोय होती. सोमवारी हर्षाली एकटीच आली. रणधीर नको म्हणत होता, आईनं पाठवलं, असं तिनं सांगितलं. तिनं स्वतःच्या नावावर नवं सिम घेतलं होतं. मिनाजनं सगळा फॉर्म भरला, दोनदा वाचून दाखवला. पासवर्डचा रकाना आला तशी हर्षालीनं कीबोर्ड आपल्याकडं ओढला.

"ताई, हितं मी टाकते. तुमी तिकडं बघा."

मिनाज वळली आणि स्टँडकडं बघत बसली. हर्षालीनं एकेक अक्षर दाबलं.

यादी अजून लागायची आहे. मित्रांनो, माझ्यासारख्यांना वापरा, अधूनमधून उघडून बघा, विचारलं तर नीट उत्तर द्या. पण आपला पासवर्ड आपल्याला ठाऊक असू द्या. हर्षालीच्या नंबरचं काय होईल मला माहीत नाही, झोप लागत नाही मला. तिचा पासवर्ड मात्र माझ्या पेटीत नाही, आणि सहाशे जणांच्या पासवर्डांत तेवढ्या एकाचीच मला काळजी नाही.