पायांना कोण सांगणार

घटस्फोट झाला की सिनेमातल्या बाईला लगेच बॅग उचलून जग हिंडायला सुचतं. खऱ्या बाईला विजेचं मीटर आपल्या नावावर करून घ्यायचं असतं. ताई अशीच खरी बाई. सगळा स्टुडिओ तिला ताईच म्हणे. सिनेमातल्या माणसांच्या पावलांचे आवाज काढणं हे तिचं काम. सध्या हातात असलेल्या सिनेमातल्या घटस्फोटित नायिकेने चार देश पालथे घातले. ते सगळे ताईने एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत, वाळूच्या नाहीतर खडीच्या ट्रेमध्ये जागच्या जागी चालून काढले. घोटे सुजून आले होते.

आता शेवटचा सीन उरला होता. नायिका खडीच्या रस्त्यावरून एकटीच निघून जाते. सकाळपासून सात टेक वाया गेले होते. आणखी एक बिघडला तर काम दुसऱ्या कुणाला देईन, असं दिग्दर्शिकेने तोंडावर सांगितलं. वीस वर्षांत ताईला असं कुणी बोललं नव्हतं.

काचेपलीकडून म्हातारे रेकॉर्डिस्ट मामा म्हणाले, "ताई, परत थांबलीस. दहा-बारा पावलं टाकतेस आणि थांबतेस. पडद्यावरची ती कुठे थांबते?"

"मी थांबले?"

मामांनी ऐकवलं. खरंच थांबली होती. ताईला हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा तेच कळेना. चौदा वर्षं नवरा रमतगमत मागून यायचा, दिसेल त्या दुकानाच्या काचेत डोकवायचा, आणि ही दर दहा-बारा पावलांवर त्याच्यासाठी थांबायची. त्यावरूनसुद्धा किती भांडणं झाली होती!

"कोर्टाने मला सांगितलं, मामा. पायांना कोण सांगणार?"

"तूच सांग बाई, आणि लवकर सांग."

आठव्या टेकला तिने नायिकेच्या टाचांवर डोळे खिळवले. दहा पावलं झाली. बारा झाली. पोटऱ्या आपोआप आखडल्या. तो मागे कुठल्यातरी काचेपुढे उभा आहे, असंच तिला वाटलं. असू दे, म्हणत तिने पुढचं पाऊल टाकलं, मग त्याच्या पुढचं, आणि पडदा काळा होईपर्यंत ती चालत राहिली.

"ओके!" दिग्दर्शिकेने टाळ्याच वाजवल्या. "बघा, आता कशी मोकळी वाटते ती!"

ताई खडीतून बाहेर आली आणि भिंतीला टेकून मटकन बसली. बूटही काढवेनात. मामा लगबगीने आत आले.

"अगं, जमलं की! मग वेड्यासारखी रडतेस काय?"

"तो मागेच राहिला, मामा," ती म्हणाली. "मी थांबले नाही."