मधला कांदा

हेस्टर कॉली वाफ्यात गुडघे टेकून कांद्यांच्या मानेला सुतळी बांधत होती, तेवढ्यात कुंपणापलीकडून नव्या शेजारणीचं डोकं वर आलं.

"एक विचारू? आमच्या मागच्या वाफ्यात तीन कांदे आहेत. माणसाच्या डोक्याएवढे. ते खायचे असतात का?"

इमोजेन आणि तिचा नवरा लंडनहून आले होते. घर ताब्यात येऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि बाईंच्या गमबुटांना अजून चिखलाचा थेंब लागला नव्हता.

हेस्टरने गाठ हवी त्यापेक्षा जास्त घट्ट ओढली. या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे सोपवलेलं होतं. शेजारचा क्लेमंट फेन घर विकून गेला त्या सकाळी याच कुंपणाशी उभा राहून बोलला होता.

"वकील म्हणतो, जमिनीत रुजलंय ते सगळं घराबरोबर गेलं. आणि गावच्या भाजी-प्रदर्शनात मांडायचं तर माणूस गावात राहणारा हवा. मी तर चाललो लेकीकडे. त्या नव्या बाईला सांग, तिघंही तिच्या नावाने मांड म्हणावं."

"तूच सांग की."

"छे! अजून नीट ओळखही नाही. मागायला गेल्यासारखं दिसतं."

त्या बाईने त्याच्या स्वयंपाकघरात दोनदा चहा घेतला होता, त्याची न्हाणीघरंसुद्धा उघडून पाहिली होती. पण कांद्यांची गोष्ट काढायला क्लेमंटला ओळख पुरेशी वाटत नव्हती. गावातल्या बहुतेकांना ती पुरेशी वाटली नसती. व्यवहार खरं तर प्रदर्शन झाल्यावर व्हायचा होता, पण इमोजेनचा लंडनचा फ्लॅट घेणाऱ्याला घाई झाली आणि क्लेमंटला उन्हाळा संपायच्या आतच किल्ल्या द्याव्या लागल्या.

कांद्याचा चषक वर्षानुवर्षं क्लेमंटच्या शेकोटीवरच्या फळीवर उभा असायचा. हेस्टर दुसरी. दर नाताळानंतर तो तिला पुडीत चिमूटभर बी आणून द्यायचा आणि ती आभार मानायची. दार लावलं की मात्र तिच्या मनात यायचं, टपोरं बी स्वतःला ठेवून चाळून उरलेलं मला देतो मेला. शाळेत एका बाकावर बसलेला माणूस, त्याच्या नजरेतलं इतपत कळतंच. त्याचे तीन कांदे टेबलावर आले नाहीत, तर या वर्षी तिच्यापुढे कोणी नव्हतं.

"सूप करा," हेस्टर म्हणाली. "सूप चांगलं होतं."

यात खोटं काहीच नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिने स्वतःला हे बऱ्याच वेळा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इमोजेन झाकलेलं पातेलं घेऊन दारात उभी राहिली.

"एकच कापला, तर पातेलं भरलं! म्हटलं, पहिला वाटा तुमचा. तुम्हीच एक मला काहीतरी धड सांगितलंत. बाकी कोणालाही काही विचारलं, की पाऊस पडेल का यावर बोलतात."

सूप पाणचट होतं. एवढ्या मोठ्या कांद्याला चव नसतेच, तो बघण्यासाठी असतो. हेस्टरने वाडगा संपवला आणि इमोजेनने आग्रह केला नसतानाही दुसरा वाढून घेतला.

त्याच संध्याकाळी फोन वाजला.

"बोललीस तिच्याशी?" क्लेमंटने विचारलं.

"बोलणं झालं."

"शनिवारी लेक गाडीने घेऊन येतेय मला. कशी आहेत तिघं?"

"आहेत," ती म्हणाली.

"इथे खिडकीतून पार्किंग दिसतं नुसतं," तो म्हणाला. "बरं, शनिवारी."

फोन ठेवल्यावर हेस्टरला लाज वाटली. वेळ निघून गेल्यावर वाटते तशी, चिडचिडी. तिने भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली.

शुक्रवारी तिने आपले कांदे उपटून पायरीवर मांडले. त्यांतला एक बाकीच्यांपेक्षा उजवा होता. खांदे गोल, साल एकसारखी, कुठे डाग नाही. तिने तो धुऊन पुसला, ॲप्रनमध्ये घेतला आणि शेजारच्या फाटकातून आत गेली.

"मी सूप सांगितलं, ते चुकलं माझं," ती इमोजेनला म्हणाली. "ते प्रदर्शनाचे होते. क्लेमंटचे. तुमच्या नावाने मांडायचे, असा निरोप होता. मी दिला नाही."

"अगं बाई! आणि मी कापून बसले!"

"दोन आहेत ना? तीन लागतात. हा घ्या."

"पण हा तर तुमचा. मग तुमचं काय?"

"माझं होईल कसंही."

दोघींनी क्लेमंटचे दोन कांदे काढले, माती धुतली, सुकलेल्या पाती सुतळीने आवळल्या आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिन्ही शेजारी ठेवले. हेस्टर वाकून पाहू लागली. आकार तोच, रंग तोच, मानेची ठेवणसुद्धा तीच. तिने मधला उचलून कडेला ठेवला, कडेचा मधे आणला. पुन्हा पाहिलं. मग आपला कोणता, हे तिला बुडाशी असलेल्या खुणेवरून शोधावं लागलं. तिने तो परत मधे ठेवला.

"काय झालं?" इमोजेनने विचारलं.

"एकाच पुडीतले आहेत," हेस्टर म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.

शनिवारी गावाच्या सभागृहात पहिल्या बक्षिसाचं लाल कार्ड इमोजेनच्या ताटलीपुढे होतं. नुकत्याच गावात आलेल्या बाईने डिसेंबरात पेरलेले कांदे आणले कुठून, हे परीक्षकांनी विचारलं नाही. ते बाहेरगावचे होते, आणि गावातले विचारणारे नव्हते. हेस्टर दुसरी आली. चांगल्या तीनमधला चांगला गेल्यावर तेही पुष्कळच होतं.

क्लेमंट कोट घालून आला. लेकीला बाहेर केकच्या टेबलापाशी सोडून तो सरळ कांद्यांपुढे गेला. हात लावायची मनाई, म्हणून दोन्ही हात पाठीमागे बांधून वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. मग त्याने शेजारच्या ताटलीतले हेस्टरचे तीन पाहिले, आणि पुन्हा लाल कार्डापुढचे.

हेस्टर जवळ जाऊन उभी राहिली. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच आली होती.

"क्लेमंट, ते..."

"मधला चांगला आलाय," तो म्हणाला.

"हो."

"बाकी दोघांपेक्षा."

इमोजेन लांबून दोघांना हात करत होती. क्लेमंटने मान हलवून तिला पोच दिली आणि कमरेवर हात ठेवत सरळ झाला.

"तो कापू देऊ नकोस तिला," तो म्हणाला. "वसंतात लाव. त्याचंच बी धर."

"धरते."

"लेकीकडे बाल्कनी आहे. एक पिंप मावतं." तो कार्डाकडे बघतच बोलत होता. "नाताळात चिमूटभर मला पाठवशील?"