सातवा डबा

उन्हाळ्यात शाहूवाडीकडच्या धरणाचं पाणी उतरलं, की हंबीरराव गाळ चुकवायला लाल डबे तरंगत ठेवायचा आणि त्यांच्या कडेकडेनं नाव हाकायचा. पावसाळा आला, की डबे परत घरात. आज नावेत लेकीच्या सासरची माणसं होती, त्यामुळं त्याचा आवाज जरा जास्तच चढला होता.

“नाव रुतायची न्हाय न्हवं?” व्याह्यांनी भीत भीत विचारलं.

“पावणं, डबा दिसतोय न्हवं? मग बिनघोर बसा की!”

सहा डबे मागं पडले. सातवा बराच डावीकडं होता. हंबीररावानं नाव तिकडं वळवली, तसा डबाही पुढं सरकला. “वाऱ्यानं हललाय,” म्हणत त्यानं वल्हं जोरात मारलं आणि नाव गाळात रुतली. डब्याशेजारी पाण्यातनं दोन शिंगं वर आली. त्याच्याच घरची म्हैस!

“हिच्या गळ्यात डबा कुणी बांधला?” हंबीरराव गरजला.

“मी!” काठावरनं बायको, बनाबाई, ओरडली. “रोज पाण्यात बसून हरवती. तुमीच सांगता न्हवं, लाल डबा असला की वाट चुकत न्हाय?”

म्हैस निवांत उठली आणि सरळ घराकडं चालत गेली.