मधली बाकं

परीक्षेत मी एक गणित सोडून पुढे गेले, की माझ्या आणि रुकय्याच्या मध्ये एक बाक वाढतं. पेपर सुरू झाला तेव्हा ती माझ्या लगेच पुढच्या बाकावर होती, तिच्या ओढणीला माझा हात लागत होता. क्लासच्या होस्टेलवर आम्ही एकाच खोलीत राहतो, आणि दोघींचंही गणिताशी वाकडं आहे.

तांबोळी सरांनी दोन वर्षं एकच घोकून घेतलं होतं: येत नाही त्यावर अडून बसू नका, पुढे चला, वेळ उरला तर शेवटी बघा. वेळ कुणालाच उरत नाही, तरी सगळे तसंच करतात. मीही केलं. दहा गणितं मागे टाकली तोवर रुकय्याची वेणी दिसत होती. तिसाव्याला ती मुंगीएवढी झाली. मधली बाकं रिकामी होती, आणि प्रत्येकावर खडूने माझाच बैठक क्रमांक लिहिलेला होता.

अंदाजाने उत्तरांचे काही गोळे रंगवून पाहिले. त्याने मागची भिंतही लांब गेली. मला फार एकटं वाटलं.

पर्यवेक्षक बाई सही घ्यायला आल्या त्या घामाघूम होऊन. वाटेत दोनदा बसावं लागलं म्हणाल्या.

"एवढ्या मागं कशाला बसलीस गं?"

"मी नाही बसले. तीस गणितं राहिलीत."

"सही कर. पेपर तेवढा पुढच्या टेबलावर स्वतः आणून द्यायचा. मी परत यायची नाही."

त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. ही माझी तिसरी खेप. यंदा नाही जमलं तर सामान घेऊन ये, असं बाबा म्हणाले होते. रागाने म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. चाळीस मिनिटं उरली होती आणि टेबलापर्यंत तासाची चाल होती.

मी सोडलेल्या पहिल्या गणिताकडे परत गेले. दूध आणि पाण्याचं गुणोत्तर. बोटांवर मोजत, खाडाखोड करत नऊ मिनिटांत ते सुटलं. एक बाक आवाज न करता गेलं. दुसऱ्याला सात मिनिटं लागली. आणखी एक गेलं. गणित सुटल्याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा झाला, आणि तो सांगायला जवळ कुणी नव्हतं.

रुकय्या उठली. पेपर देऊन तिने मागे वळून मला शोधलं. तिची नजर माझ्या बरीच अलीकडे, एका रिकाम्या बाकावर थांबली. त्या बाकाला हात करून ती बाहेर गेली.

घंटा झाली असावी. इतक्या लांब आवाज पोचायला वेळ लागतो. टेबलाजवळ कुणीतरी गठ्ठा बांधत होतं. मी पाचवं गणित घेतलं आणि पहिली पायरी नीट लिहिली. पुढून एकेक पंखा बंद होत माझ्याकडे येत होता. माझ्या डोक्यावरचा अजून फिरत होता.