घरातली दहा वाक्यं

बाईंनी कागदाची घडी उलगडली आणि पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. "तुला काय कळतंय त्यातलं."

मास्तर खुर्चीत सावरून बसले. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला, पण कान अगदी शाबूत. दोन महिन्यांपूर्वी मेंदूत गुठळी झाली आणि वाचाच गेली. तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलेला, शेजारच्या सीटवरून तोंडाचा पट्टा चालू ठेवणारा माणूस. आता सगळं मिळून एक 'अं'. बोलायला शिकवणाऱ्या या बाईंनी गेल्या खेपेला त्यांच्या बायकोला सांगितलं होतं, की हे घरात उठता-बसता जे म्हणायचे, त्यातली दहा वाक्यं लिहून आणा. जीभ सवयीची वाट आधी धरते. बाकीचं परत येईल न येईल, कुणी सांगावं? ही दहा आली तरी गंगेत घोडं न्हालं.

बायकोने दोन दिवस खपून, रेघ सोडून सुवाच्य अक्षरात यादी केली होती.

आपलं वाक्य त्या यादीत असणारच, याची मास्तरांना खात्री होती. "घाबरू नका, मी आहे ना." चढावर गाडी मागे घसरली, समोरून ट्रक आला, शिकणाऱ्याचे हात कापायला लागले, की हे वाक्य. लोक त्यावरून त्यांची नक्कलही करायचे, आणि मास्तरांना ते मनातून आवडायचं.

बाई वाचत गेल्या. मध्ये बोलू नकोस. कितीदा सांगायचं? तुला विचारलं का कुणी? राहू दे, तुझ्याच्याने नाही व्हायचं. वाण्याची यादी वाचावी तसा सपाट आवाज. मास्तर कागदाकडे वाकले. हे कोण बोलतंय? दुसऱ्या कुणाच्या घरचा कागद तर नाही आला? त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर टोमणा असता तर फार बरं वाटलं असतं. ती नुसती मान डोलवत होती, एखादं सुटलं तर नाही ना, या काळजीने.

दहावं होतं, दार लाव.

बाईंनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"काकू, यांचं ते राहिलंच की. 'घाबरू नका, मी आहे ना.' मी गाडी यांच्याकडेच शिकले. चढ आला की मला अजून तेच आठवतं."

बायको विचारात पडली.

"ते बाहेरचं असेल," ती म्हणाली. "तुम्ही घरातली मागितली होती."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दवाखान्यात नेलं त्या सकाळी तिचे हात किती कापत होते, ते त्यांनी पाहिलं होतं. निदान आता तरी, एकदा, तिला ते वाक्य. त्यांनी डाव्या हाताने तिचा हात घट्ट धरला. ओठ जुळवले. कपाळावरची शीर फुगली, घसा खरखरला, आणि शब्द बाहेर पडले.

"तुला... काय कळतंय... त्यातलं."

अगदी स्पष्ट. मास्तर नाही, नाही अशी मान हलवत राहिले.

बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बोलले," ती बाईंना म्हणाली. "बघा, पहिलंच आलं."

आणि त्यांनी धरलेला हात तसाच राहू देऊन, दुसऱ्या हाताने तिने पेन उचललं आणि पहिल्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली.